शरदात फुलणारा नर्गिस : पावसाळ्यात कुंडी कोरडी का हवी?

नागापूरच्या गच्चीवर शरदात फुलणारा नर्गिस लावायचा, तर मुख्य अडचण पावसाच्या वेळेची आहे.

कारण काय? ‘नार्सिसस सेरोटिनस’ भूमध्य समुद्राकाठचा. हिरव्या फुलांचा, रात्री सुगंध देणारा ‘विरिडिफ्लोरस’ स्पेन-मोरोक्कोचा. तिकडे उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. आपल्याकडे कंदाच्या विश्रांतीतच पावसाळा येतो आणि ओल्या मातीत कंद कुजतो.

काय कराल?
● जून ते सप्टेंबर कुंडी छपराखाली ठेवा, पाणी देऊ नका.
● मातीत निम्मी जाड वाळू मिसळा. कुंडीचे भोक मोकळे ठेवा.
● रात्री गार झाल्यावर पाणी सुरू करा. पाने पिवळी पडली की थांबवा.

सोपा पर्याय? पावसाळ्यात फुलणारा, मूळ मेक्सिकोचा निशिगंध.

सावधान : नर्गिसाचा कंद कांद्यासारखा दिसतो, पण विषारी असतो. कांद्याच्या टोपलीजवळ ठेवू नका.