पाणी जड आहे, पण किती?

नव्या सोसायटीत बिऱ्हाड हललं की थोड्याच दिवसांत डेमोवाला दारात येतो. दोन ग्लास मांडतो, एकात घरच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत धातूच्या दांड्या बुडवून वीज सोडली की मिनिटभरात नळाच्या पाण्यात तांबूस-काळपट गाळ तरंगू लागतो आणि घरची मंडळी हबकतात. खरं तर तो गाळ दांड्यांच्या लोखंडाचा असतो. नळाच्या पाण्यात क्षार असल्यामुळे वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार नावालाच, म्हणून ते नितळ राहतं. त्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करायला सांगावं. तेही गढूळ होतं आणि डेमो तिथेच संपतो.

वॉटर सॉफ्टनर विकताना हाच गोंधळ टीडीएस मीटर घालतो. ‘तुमचा टीडीएस 800 आहे, सॉफ्टनर बसवा, खाली येईल,’ असं सर्रास सांगितलं जातं. येत नाही. पाणी जड होतं ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. सॉफ्टनरच्या टाकीत रेझिनचे खसखशीएवढे मणी असतात, त्यांनी सोडियम धरून ठेवलेला असतो. पाणी त्यांवरून गेलं की मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. क्षार निघून जात नाहीत, त्यांची अदलाबदल होते. त्यामुळे टीडीएस होता तेवढाच राहतो, किंचित वाढतोही.

म्हणून मोजायची ती ‘एकूण कठीणता’. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500, 2012) ती लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत योग्य मानली आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतली जाते. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मिळतं, जुन्या पुण्याला खडकवासल्याचं. घाटावरच्या पावसाचं हे पाणी मुळातच मऊ असतं. तिथे सॉफ्टनर घेणं म्हणजे पैसे वाया. प्रश्न आहे तो शहरांच्या कडेला बोअर आणि टँकरवर जगणाऱ्या इमारतींचा. दख्खनच्या काळ्या खडकातून झिरपलेलं पाणी पुष्कळदा जड असतं, आणि टँकर कुठल्या विहिरीवर भरला त्यानुसार आठवड्याला बदलतंही. पावसाळ्यात घेतलेल्या एका नमुन्यावर निर्णय घेऊ नये. एप्रिल-मेमध्ये पुन्हा तपासावं.

भीती मात्र वेगळ्याच गोष्टींची घातली जाते. ‘जड पाण्याने मुतखडा होतो’ हे त्यातलं सगळ्यात खपणारं वाक्य. याला ठोस पुरावा नाही. मुतखड्याचं नेहमीचं कारण म्हणजे पाणी कमी पिणं. जागतिक आरोग्य संघटनेनेही कठीणतेसाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेली नाही. त्वचेचंही तसंच. इंग्लंडमध्ये एक्झिमा असलेल्या 336 मुलांवर चाचणी झाली, काहींच्या घरी 12 आठवडे सॉफ्टनर बसवले. 2011 मध्ये निष्कर्ष आला: नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक असा मोजता येण्याजोगा फायदा नाही. जड पाण्याने केस राठ होतात, साबणाचा चिकटा बसतो, हे खरं. पण आनुवंशिक टक्कल सॉफ्टनरने थांबत नाही.

मग नुकसान कुठे होतं? गिझरमध्ये. पाणी तापलं की त्यातले बायकार्बोनेट फुटतात आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर एलिमेंटवर चढतो. उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही, वीज जास्त लागते, शेवटी एलिमेंट जळतं. शॉवरची भोकं बुजतात, टाइल्सवर न निघणारे डाग पडतात, साबण दुप्पट लागतो आणि तरी फेस येत नाही. तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही टणक राहते, कारण कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं. तुरटी फिरवून यातलं काही सुटत नाही, ती फक्त गढूळपणा बसवते. नळाला चुंबक लावण्याच्या यंत्रांचे निकालही भरवशाचे नाहीत; ती बसवली तरी पाण्यातला कॅल्शियम पाण्यातच राहतो.

‘एकदा बसवला की विसरून जा,’ हाही गैरसमजच. चार माणसांचं घर माणशी 135 लिटर धरून रोज 540 लिटर पाणी वापरतं. कठीणता 400 असेल तर रोज 216 ग्रॅम कठीणता काढावी लागते. एक लिटर रेझिन ढोबळमानाने 50 ग्रॅम धरतं, म्हणजे 10 लिटरचं यंत्र दोन दिवसांत भरतं. मग मिठाचं पाणी सोडून रेझिन धुवायचं, दर वेळी एक-दीड किलो मीठ. महिन्याला पंधरा-वीस किलो. नळाला लावायच्या छोट्या अटॅचमेंटवर ‘हजारो लिटर’ लिहिलेलं दिसलं की हाच हिशेब लावून बघावा. एक लिटर रेझिन या पाण्यात सव्वाशे लिटरला दमतं.

मऊ केलेलं पाणी विषारी असतं, ही उलट्या बाजूची अफवा. 400 कठीणतेचं पाणी मऊ केल्यावर लिटरमागे साधारण 184 मिलिग्रॅम सोडियम वाढतो. असं दोन लिटर पाणी रोज प्यायलं तर जवळजवळ एक ग्रॅम मीठ पोटात जातं, आणि दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम आहे. धडधाकट माणसाला ते चालून जाईल, रक्तदाबाच्या रुग्णाने टाळावं. स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढणं किंवा त्यापुढे आरओ असणं, दोन्ही बरं. कुंड्यांना मात्र हे पाणी घालूच नये. चोपण जमिनीत शेतकरी जिप्सम टाकतो तो कॅल्शियमने सोडियमला हुसकावण्यासाठी. सॉफ्टनर नेमकं उलटं करतो.

तेव्हा आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यावं. कठीणता 200 च्या आत आली तर विषय संपला. वर्षातून एकदा गिझर साफ करून घ्यावा, शॉवर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवावा. 200 ते 400 मध्ये गिझर आणि वॉशिंग मशीनपुरता विचार करावा. त्यापुढे सॉफ्टनर पैसे वसूल करतो, आणि सोसायटीने मिळून एकच मोठा बसवला तर प्रत्येक घराला स्वस्त पडतो. सही करण्याआधी विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: रेझिन किती लिटर, तुमच्या कठीणतेला किती लिटर पाण्यानंतर धुवावं लागेल, आणि दर वेळी मीठ किती.