शिवणवर्गामागची माणसं

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालं की हातखंब्यानंतर लक्ष्मीपल्लीनाथाचं पाली लागतं. इथून मुंबई-गोवा महामार्ग लांज्याकडे खाली उतरतो आणि कोल्हापूरचा रस्ता नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढतो. कोकणातल्या कापडदुकानांचा बराच माल याच घाटातून येतो, करवीर तालुक्यातल्या गांधीनगरच्या घाऊक बाजारातून. आणि साखरप्याला देवरुखचा फाटा फुटतो, जिथून सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी दोन विधवा बहिणी शिकायला बाहेर पडल्या. गांधीनगर निर्वासितांनी उभारलं. देवरुखच्या बहिणी सासरमाहेर असून निराधार होत्या. घर सुटलेल्या बाईला हातातलं काम, म्हणजे शिवण, विणकाम, भरतकाम, पुन्हा उभं करतं, हे आपल्याकडे शंभरदा सांगून झालं आहे. ते काम चालतं ठेवणारी बिनपगारी कार्यकारिणी मात्र अहवालाच्या शेवटच्या पानावर नावांची यादी होऊन राहते. मला त्या यादीविषयी लिहायचं आहे.

देवरुखच्या गोदूबाई जोशी लहानपणीच विधवा झाल्या. भाऊ नरहरपंत त्यांना मुंबईला घेऊन आले आणि 11 मार्च 1889 रोजी पंडिता रमाबाईंनी शारदा सदन उघडलं तेव्हा तिथं पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाईच. या सदनाचे पैसे बोस्टनहून येत. 1887 च्या डिसेंबरात तिथं ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झालं होतं. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मगुरू, उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रुक्स आणि फ्रान्सिस विलर्ड. गावोगावच्या ‘रमाबाई सर्कल’मधल्या बायकांनी दहा वर्षं दरवर्षी निदान एक डॉलर द्यायचं वचन दिलं. त्यातल्या बहुतेकींनी हिंदुस्थान कधी पाहिलाही नव्हता. चर्चमध्ये जमायचं, पत्रं लिहायची, वर्गणी मागायची, हिशोब छापायचा, आणि यात कुणाला छदामही मिळायचा नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच, आणि मी ते आदरानं म्हणतो.

इकडे सदनाला हिंदी सल्लागार होते, त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. बोस्टनच्या मंडळानं अट घातली होती की संस्था कोणताही धर्म शिकवणार नाही. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या आणि आपल्या प्रार्थनेचं दार त्यांनी बंद ठेवलं नाही. मुली तिथं येऊन बसू लागल्या. ‘केसरी’नं झोड उठवली. 1893 मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. बोस्टनच्या कार्यकारी समितीच्या अध्यक्ष ज्यूडिथ अँड्र्यूज चौकशीसाठी, सदन तोवर जिथं हललं होतं त्या पुण्याला आल्या आणि मंडळ रमाबाईंच्या पाठीशी राहिलं.

या प्रकरणाकडे आपण नेहमी धर्मांतराचा वाद म्हणून पाहतो. मला त्यात कार्यकारिणीचा प्रश्न दिसतो. रानडे-भांडारकरांनी आपली नावं लोकांच्या विश्वासाला तारण ठेवली होती. अट मोडते आहे असं वाटल्यावर बाहेर पडणं त्यांना भागच होतं. रमाबाईंना आपली श्रद्धा कुलूपबंद ठेवणं जमणारं नव्हतं. दोन्ही बाजू मला कळतात. खटकतं ते वेगळंच. ज्या मुलींच्या आयुष्यावर हा वाद चालला होता, त्यांचं मत त्या वादाच्या केंद्रस्थानी कधीच आलं नाही. घरी नेलेल्या मुलींचं शिक्षण त्या दिवशी थांबलं, आणि तो निर्णय दुसऱ्यांनी घेतला.

त्यानंतर तीनच वर्षांत मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली, विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर झोपड्यांत ठेवलं. 24 सप्टेंबर 1898 रोजी ‘मुक्ती’ची वास्तू उघडली आणि 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या मुली निर्वासितच होत्या. गाव मागे, माणसं मेलेली, भाषा निराळी. त्यांच्यासाठी माग लागले, शिवणवर्ग सुरू झाला, तेलाचे घाणे, गोठा आणि छापखानाही आला. अंध मुलींना ब्रेल आणि हातकाम शिकवलं गेलं. दोन हजार जणींची लुगडी बाहेरून विकत घेण्यापेक्षा आवारातच विणणं, हा त्यातला व्यवहार होता, आणि तो मला कुठल्याही दयेपेक्षा मोठा वाटतो. आपल्या अंगावरचं कापड शेजारच्या मागावर आपल्यातल्याच कुणीतरी विणलं आहे, हे त्या मुलीला दिसत होतं.

गोदूबाईंचं पुढं काय झालं, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि कर्व्यांच्या मुरूड गावानं त्या दोघांना वाळीत टाकलं. 1896 मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. भांडारकर त्याचे अध्यक्ष झाले. पुढं गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याची जागा दिली आणि 1900 मध्ये आश्रम तिथं गेला. पण माझं लक्ष गोदूबाईंच्या धाकट्या बहिणीकडे जातं. पार्वतीबाई आठवले मुलाला पदरात घेऊन विधवा झाल्या आणि हिंगण्याला विद्यार्थिनी म्हणून आल्या. त्याच आश्रमाच्या पुढं त्या व्यवस्थापिका झाल्या, वर्गणीसाठी गावोगाव फिरल्या. 1918 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जेमतेम इंग्रजीवर त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकायचं आणि आश्रमासाठी पैसे जमवायचे म्हणून लोकांच्या घरी भांडीधुणी केली. 1928 मध्ये ‘माझी कहाणी’ प्रसिद्ध झाली.

मदत घ्यायला आलेली बाई संस्थेच्या वतीनं मागायला उभी राहते, तेव्हा मागण्याची रीतच पालटते. तिला कुणाचं दुःख वर्णन करून सांगावं लागत नाही. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं, तिथं शिवण-भरतकामाचे वर्ग, परिचारिकांचं शिक्षण असं सगळं होतं. अध्यक्ष रमाबाई रानडे स्वतः विधवा होत्या, आणि समोर बसलेली बाई घरात काय सोसते हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. देवधर भारत सेवक समाजाचे. 1921 च्या मलबारच्या दंगलीनंतर घरदार सोडून आलेल्यांच्या छावण्यांचं काम याच माणसानं अंगावर घेतलं. एका हातानं पुण्यातल्या शिवणवर्गाचा पत्रव्यवहार आणि दुसऱ्या हातानं कालिकतच्या धान्याचा हिशोब.

आता आंबा घाटापलीकडचं टोक. 1943 मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. सोव्हिएत हद्दीत हद्दपार झालेले, इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार लोक, त्यांत बायका-मुलंच अधिक. त्यांनी शाळा, चर्च, नाटकमंडळी, सहकारी दुकान सगळं चालवलं. 1948 पर्यंत ते पांगले आणि रिकाम्या बराकींत फाळणीनं उखडलेले सिंधी आले. त्या वस्तीचं गांधीनगर झालं आणि गांधीनगर कापडाची पेठ झालं. इथं व्यापार मुरला होता, म्हणून माणसं झपाट्यानं उभी राहिली. पण पेठ म्हटली की गादीवर बसलेला पुरुष डोळ्यांपुढं येतो. सिंधची रल्ली, म्हणजे ठिगळांची नक्षीदार गोधडी, आणि आरसे जडवलेलं भरत ज्यांच्या बोटांत होतं, त्या बायकांच्या कसबाला मात्र अशी पेठ मिळाली नाही.

तिकडे दिल्लीत तो विचार झाला. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी 1948 मध्ये इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन काढली, फरिदाबादच्या निर्वासितांत काम केलं, आणि 1952 मध्ये याच युनियनकडे कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम आलं. हस्तकलेला दुकान लागतं, दुकानाला मालाचा सारखा दर्जा लागतो, आणि दर्जाला कुणीतरी ‘हे परत उसव’ म्हणणारं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. 1969 मध्ये बैरुतला ह्युगेट कालां आणि त्यांच्या सोबतिणींनी ‘इनाश’ स्थापली. पॅलेस्टिनी छावण्यांतल्या बायकांचं भरतकाम विकणारी ती संस्था. कालां स्वतंत्र लेबननच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांची मुलगी आणि चित्रकार. ओळखीपाळखी, रंगांची जाण आणि बिनपगारी वेळ, या तिन्हींनी मिळून छावणीतली उशी शहराच्या दिवाणखान्यात पोचवली.

आज आपल्या जिल्ह्यात कुणी असं मंडळ काढलं तर काय वाट्याला येईल? 1860 च्या कायद्याखाली संस्था, 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास. दरवर्षी लेखापरीक्षण. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज. जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी. परदेशी देणगी घ्यायची तर 2020 च्या दुरुस्तीनंतर दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच खातं, आणि त्यातून प्रशासनावर वीस टक्क्यांपेक्षा जास्त खर्च नाही. शिवाय भारतानं 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे दुसऱ्या देशातून आलेल्या बाईला हाताला काम देताना तिच्या कागदपत्रांची जबाबदारी विश्वस्तांना डोळ्यात तेल घालून सांभाळावी लागते. निवृत्त शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेले एखादे काका, एक वकील, एक दुकानदार, अशी माणसं संध्याकाळी बसून हे निपटतात. त्यांची पदरमोड कुठल्याच ताळेबंदात येत नाही.

पण त्यांची खरी कसोटी दरपत्रकावर लागते. एक गोधडी घ्या. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, सुरकुती काढून कडेनं टाचायचे, आणि कडेकडून आत, रांगेला रांग लावत धावदोरा घालत न्यायचा. टाका फार ओढला की थर आकसतो, सैल राहिला की धुतल्यावर पोट सुटतं. समजा, याला साठ तास लागले आणि तासाला पन्नास रुपये धरले, तर मजुरीच तीन हजार. दोरा-अस्तराचे चारशे, धुणं-पाठवणीचे दोनशे. झाले छत्तीसशे. दुकानदार विक्रीच्या किमतीतला तिसरा हिस्सा घेत असेल तर पाटी लागते चोपन्नशेची. गिऱ्हाईक म्हणतं, जुन्या साड्यांचे एवढे? मग बैठकीत कुणीतरी सुचवतं की मजुरी तासाला तीस करू, बायकांना तेवढाच आधार. त्या क्षणी सगळे गप्प बसले तर संस्था भरतकामाची उरत नाही, स्वस्त मजुरीची होते. साठ तास म्हणजे काय, हे मानेच्या दुखण्यानिशी सांगू शकणारी एक तरी बाई त्या टेबलाशी मतासह बसलेली हवी. पाहुणी म्हणून बोलावलेली नको, ठरावावर सही करणारी हवी.

याला उत्तर नेहमी येतं की त्यांना हिशोब कळत नाही, कायदा कळत नाही. पार्वतीबाई हिंगण्याला आल्या तेव्हा त्यांनाही शिकण्याची सुरुवातच करायची होती. त्या शिकल्या, कारण हिंगण्यातल्या माणसांनी त्यांच्यासाठी वेळ काढला आणि त्यांच्या हाती आश्रमाचा कारभार दिला. नव्या विश्वस्तानं पहिली दोन वर्षं एका कारागिरणीला जमाखर्च, बिलं आणि इतिवृत्त शिकवण्यात घालवावीत आणि आपली जागा तिला देऊन उठावं. नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज मात्र भरायला विसरू नये.