रिकाम्या यंत्राचे भाडे

ऑगस्ट २००६ मध्ये ॲमेझॉन या अमेरिकन कंपनीने आपल्या संगणकांचे भाग पाडून ते ताशी दहा सेंट दराने भाड्याने देण्यास आरंभ केला, तेव्हा संगणक विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांची मोठीच सोय झाली. एका संगणकात अनेक आभासी संगणक निर्माण करण्याची विद्या नवी नव्हती. आयबीएमने १९७२ सालीच ती बाजारात आणली होती. नवे होते ते भाड्याचे गणित. ‘वापराल तेवढेच पैसे द्या’ हे या व्यवसायाचे ब्रीद ठरले. त्यातील ‘वापर’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ मात्र अनेकांना पहिले बिल हाती पडल्यावरच कळतो.

विजेचा मीटर दिवा लागला तरच फिरतो. आभासी यंत्राचे भाडे तसे नसून लॉजवरील खोलीसारखे आहे. प्रवासी खोलीत झोपला काय किंवा गावभर हिंडला काय, किल्ली त्याच्यापाशी असेपर्यंत आकारणी चालूच राहते. एखादे महाविद्यालय आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास प्रात्यक्षिकांसाठी असे यंत्र वापरते असे मानले, तर प्रत्यक्ष काम ४८ तासांचे होते. आठवड्याचे तास मात्र १६८. संध्याकाळी यंत्र बंद करण्याची जबाबदारी कोणावरच नसेल, तर उरलेल्या १२० तासांचेही भाडे पडते. म्हणजे भाड्याच्या दर शंभर रुपयांतील सुमारे ७१ रुपये रिकाम्या खोलीसाठी जातात. ॲमेझॉनने २०१७ पासून बऱ्याच यंत्रांची आकारणी तासाऐवजी सेकंदावर आणली खरी. पण जे यंत्र कधी बंदच होत नाही, त्याला सेकंदाच्या हिशेबाचा काय उपयोग?

बंद करण्याचीही एक गोम आहे. मायक्रोसॉफ्टच्या ॲझूर सेवेत विद्यार्थ्याने घरच्या संगणकाप्रमाणे आतूनच ‘शट डाउन’ केले, तर यंत्र थांबते, भाडे थांबत नाही. जागा त्याच्या नावावर राखीवच राहते. ती सोडण्यासाठी सेवेच्या नियंत्रण-पृष्ठावरून यंत्र थांबवावे लागते. एकाच शब्दाचे असे दोन अर्थ ठेवणे व्यापाराच्या दृष्टीने सोयीचे असेल, सरळपणाचे खचित नव्हे. शिवाय जागा सोडल्यावरही माहिती साठवलेल्या डिस्कचे भाडे निराळे चालूच राहते. ॲमेझॉनने तर १ फेब्रुवारी २०२४ पासून जुन्या पद्धतीच्या प्रत्येक सार्वजनिक इंटरनेट पत्त्यावरही ताशी अर्धा सेंट आकारणी सुरू केली. रक्कम क्षुल्लक भासते. वर्षाकाठी तिचे सुमारे ४४ डॉलर होतात.

एक किंवा तीन वर्षांची हमी देणाऱ्यास भरघोस सवलत मिळते. तिचे स्वरूप लोकलच्या पासासारखे आहे. रोज जाणाऱ्याला पास परवडतो. मे महिन्यात व दिवाळीत बंद राहणाऱ्या संस्थेने तो काढण्यापूर्वी हिशेब करावा, कारण प्रवास न केल्याचे पैसे परत मिळत नाहीत.

खरी अडचण कचेरीच्या व्यवस्थेत आहे. लाकडी खुर्ची घेतली तरी तिची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात होते आणि वर्षअखेरीस कोणीतरी ती मोजून पाहते. आभासी यंत्राला ना क्रमांक रंगवता येतो, ना त्यावर धूळ बसते. प्रकल्प संपतो, विद्यार्थी उत्तीर्ण होऊन जातो, शिक्षकांची बदली होते. यंत्र मात्र दूरच्या कोठीत तसेच चालत राहते. खर्चाची मर्यादा घातली म्हणून निश्चिंत राहणेही धोक्याचे आहे, कारण सर्वसाधारण खात्यावर ती ओलांडली असता फक्त इशाऱ्याचे पत्र येते, यंत्र आपोआप थांबत नाही. ते पत्र मर्यादा घालताना ज्याचा पत्ता दिला त्याच्याकडे जाते. बिल मंजूर करणाऱ्या लिपिकाच्या टेबलावर येते ती केवळ एकूण रक्कम, आणि तिच्यातील कोणते यंत्र कोणाचे, हे विचारण्यासाठी त्याच्यापाशी रजिस्टर नसते.