पंचवीसच्या खाली घास नाही

ऐन थंडीत कलबुर्गीत एका ओळखीच्या माणसाने तावातावाने सांगितलं, सार्वजनिक उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयात मगरींना उपाशी ठेवतात. म्हणून गेलो.

कीपर हौदाच्या काठाशी उकिडवा बसून पाणी हुंगत होता. मग्यात घ्यायचं, नाकाशी न्यायचं, ओतून द्यायचं. शेवाळ, चिखल आणि शिळ्या मासळीचा तो वास माझ्या डोक्यातून दिवसभर जाईना. "टाकलेलं खाल्लं नाही तर तळाशी सडतं, साहेब. आधी पाणी सांगतं, मग मगर."

बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात शिकलेले एक डॉक्टर सोबत होते. उपाशी का, असं विचारल्यावर त्यांनी एकच आकडा सांगितला: पंचवीस. पाणी पंचवीस अंशांच्या खाली गेलं की घास नाही. मगरीला मानवतात तीस ते तेहतीस अंश. गारठ्यात तिचं पचन मंदावतं, पोटातलं मांस तिथंच कुजतं, प्रतिकारशक्तीही ढिली पडते. मग एरवी पाण्यात आणि आतड्यात निमूट नांदणारे एरोमोनाससारखे जंतू रक्तात शिरतात. अशा वेळी प्रतिजैविकाची सुई टोचून भागत नाही. गार अंगात औषधही नीट भिनत नाही. आधी ऊब द्यायची, मग सुई. आजारी मगर हे आपणहून करते, जास्त वेळ उन्हात पडून राहते. कोण किती वेळ काठावर होती, हे कीपरच्या वहीत रोज लिहिलेलं असतं. मला ती वही कुठल्याही तपासणीच्या अहवालाइतकीच मोलाची वाटली.

आणि प्रेमाने खाऊ घातलं तर? तर गाउट. मांस फार, पाणी कमी, त्यात थंडी, की युरिक अॅसिड सांध्यांत, मूत्रपिंडावर, अगदी हृदयाच्या आवरणावरही खडूच्या भुकटीसारखं साचतं. बरेचदा ते शवविच्छेदनातच दिसतं. नुसतं बिनहाडाचं मांस दिलं तर पिल्लांचा जबडा मऊ पडतो. नुसती बर्फातली मासळी दिली तर काही जातींच्या मासळीने बी-१ जीवनसत्त्व घटतं. म्हणून कोंबडी द्यायची ती हाडांसकट.

रक्त काढायचं तर जबडा दोरीने बांधतात, डोळ्यांवर ओलं पोतं टाकतात आणि डोक्यामागे मानेच्या मधोमध सुई घालतात. पण त्या धरपकडीचाच ताण एवढा, की डॉक्टर शक्यतो हात लावत नाहीत. सगळा भर बघण्यावर.

बघायला लोकही येतात. मगर तासभर हलली नाही की त्यांना ती मेलेली वाटते आणि खात्री करायला हाताला लागेल ते फेकतात: नाणी, प्लॅस्टिकची झाकणं, खडे. खडे मगर आपणहूनही गिळते, नाणं आणि प्लॅस्टिक मात्र पोटात अडकून बसतं. रोगप्रतिबंधाचं निम्मं काम कठड्याच्या या बाजूला आहे, असं माझं मत झालं. आम्ही उभे असतानाच एका गृहस्थाने मुलाला उचलून धरलं आणि विचारलं, "जिवंत आहे का हो?"

"आहे की," कीपर म्हणाला. "तोंड उघडं टाकून पडलीय, उन्हानं तापली. फेकू नका काही."

डॉक्टरांनी हौदात तापमापी सोडली. बावीस. वहीत नोंद झाली. पंचवीस झाल्यावर पहिल्या दिवशी अर्धाच खुराक द्यायचा, तोही सकाळी, म्हणजे पचायला ऊन मिळेल, असं सांगून ते पुढच्या पिंजऱ्याकडे वळले.