रथातून आलेला राजा

१८३६ साल. ख्रिस्तियन लासेन या अभ्यासकाने एका नाण्यावर डोकं लढवलं. एका बाजूला ग्रीक अक्षरांत राजाचं नाव, अगाथोक्लीस. दुसऱ्या बाजूला कुणालाच न लागणारी ब्राह्मी. नाव दोन्हीकडे तेच असणार! त्यावरून त्याने काही अक्षरं लावली. पुढच्याच वर्षी जेम्स प्रिन्सेपच्या लक्षात आलं, की सांचीच्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरं येतात. ती निघाली 'दानं', आणि सगळी लिपी सुटली.

ही किल्ली मावळात पोचली, तेव्हा कार्ल्याला एकवीरा आईच्या देवळाशेजारच्या चैत्यगृहातले खांब बोलू लागले. हा खांब धेनुकाकटच्या सिहधय यवनाचं, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीकाचं, दान. तो दुसऱ्या एका यवनाचा. ग्रीक अक्षरांचा हात धरून उलगडलेल्या लिपीत यवनच भेटावेत! धेनुकाकट कार्ल्याच्याच परिसरात असावं, असं दामोदर कोसंबींनी मांडलं. पण दगडावर गाव, नाव, दान एवढंच. हा माणूस बुद्धाकडे का वळला असेल, याबद्दल खांब गप्प.

यवनाच्या मनातली शंका ऐकायची तर पाली 'मिलिंदपञ्हो' उघडावा लागतो. ग्रीक राजा मिनँडर म्हणजे मिलिंद, समोर भिक्खू नागसेन. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाला याच राजाचं नाव आहे. नागसेन एक अट घालतो: चर्चा पंडितांसारखी करणार असाल तर बोलू, राजांसारखी नको, कारण राजे विरोध करणाऱ्याला शिक्षा देतात. राजा कबूल होतो. त्याआधीच नागसेनाने साधंच विचारलेलं असतं, कसे आलात? रथातून. आस म्हणजे रथ का? चाक? जू? प्रत्येकाला राजा 'नाही' म्हणतो. मग रथ आहे कुठे? माणसातला 'मी' असाच शोधून सापडत नाही, हे तिथे ठरतं.

हा प्रसंग गाळून नुसता सिद्धांत सांगून पाहा. सगळा जीव जातो. राजा खरोखर रथातून आलाय, म्हणून तर त्याला पळवाट नाही! प्लेटोचं 'फायड्रस' असंच वाचावं लागतं. अनवाणी सॉक्रेटिस इलिसोसच्या पाण्यात पाय ओले करत येतो, झाडाच्या सावलीत बसतो आणि आत्म्याला दोन घोड्यांचा रथ म्हणतो. त्याच्या रथाला सारथी आहे. नागसेनाच्या रथात तो शोधायचा, तर आधी रथच हाती लागत नाही.