पाणचक्कीचें पाणी

औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, येथील पाणचक्की दाखविण्यास आम्ही एकदां विद्यार्थ्यांना घेऊन गेलों होतों. आपोआप फिरणारें जातें पाहून मुलें हरखलीं, परंतु एकानें विचारलें, "गुरुजी, हें पाणी येतें कोठून?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. ती लाज मनांत राहिली, म्हणून पुढें आम्हीं शोध केला.

मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं या नगरास भूमिगत नहरींनीं पाणी पुरविलें. पाणचक्कीची नहर त्यानंतरची, पण त्याच परंपरेंतील. हर्सूलच्या बाजूस, कित्येक मैल दूर, धरलेलें पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनीं आणलें होतें. पाणी आपली पातळी शोधतें. म्हणून उगम उंच असल्यास बंद नळांतून तें वाटेंतील चढही चढतें. शेवटीं उंचावरून पडणाऱ्या धारेच्या जोरानें पात्यांचें चाक फिरे, आणि त्याच्या आंसाबरोबर वरची तळी फिरून बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यांतील फकिरांसाठीं व वाटसरूंसाठीं पीठ दळलें जाई.

वाचकहो, चक्कीचीं चित्रें पुष्कळ निघतात. नहर मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. परंतु नळ एके ठिकाणीं फुटला किंवा गाळानें बुजला, कीं जातें थांबलेंच. ज्यास चक्की राखावयाची आहे, त्यानें प्रथम नहर राखली पाहिजे. आपण मुलांस तेथें न्याल, तेव्हां चाकापूर्वीं पाण्याची वाट सांगा. आमच्याकडून राहिलेलें उत्तर तेवढेंच आहे.