दोनदा वाजवलेले गाणे

1963 साली लंडनच्या मंचावर मोनिका झेटरलुंड उभी राहिली, तेव्हा स्वीडनने तिच्यावर मोठी भिस्त ठेवली होती. जाझ गाणारी ती नामांकित गायिका. गाणे संपले, टाळ्या पडल्या आणि एकेका देशाचे परीक्षक गुण सांगू लागले. शेवटच्या देशाचे गुण सांगून झाले तरी स्वीडनच्या नावापुढे भोपळाच होता. प्रत्येक देशाने एक गाणे पाठवायचे, सगळ्या युरोपने ते एकाच रात्री दूरचित्रवाणीवर पाहायचे आणि परीक्षकांनी इतर देशांच्या गाण्यांना गुण द्यायचे, अशी ही युरोव्हिजन स्पर्धा 1956 पासून भरत होती. स्वीडन 1958 मध्ये तीत उतरला. 1966 मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत जाऊन आला. पण पहिला क्रमांक काही केल्या हाती लागेना. त्यातच ज्याने त्याने आपल्या देशाच्या भाषेतच गायचे असा नियम आला, आणि स्वीडिश ऐकून कोण गुण देणार, असे म्हणत तिथल्या गाणेवाल्यांनी हात टेकले.

स्टिग अँडरसन मात्र हात टेकणाऱ्यांतला नव्हता. हा गृहस्थ एकेकाळी प्राथमिक शाळेत मास्तर होता. गाण्यांचे शब्द लिहिता लिहिता तो प्रकाशक झाला आणि 1963 मध्ये त्याने ‘पोलर म्युझिक’ ही कंपनी काढली. त्याच्याकडे दोन तरुण होते. गिटार वाजवणारा ब्यॉर्न उल्वेउस आणि पियानोवर बसणारा बेनी अँडरसन. दोघे चाली बांधत, स्टिग शब्द घाली. युरोव्हिजनला जाण्यासाठी आधी देशातली निवड स्पर्धा जिंकावी लागे. 1972 मध्ये या तिघांनी आपले गाणे एका कोवळ्या मुलीच्या गळ्यात दिले. तिसरा क्रमांक आला. मग दोघांच्या लक्षात आले की गळा शोधायला घराबाहेर जाण्याचे कारणच नाही. ब्यॉर्नची बायको अग्नेथा स्वीडनमध्ये आधीच लोकप्रिय गायिका होती. बेनीची जोडीदार आनी-फ्रिड, म्हणजे फ्रिडा, तीही मुरलेली गायिका.

गळे सापडले, चाल सापडली. आवाज सापडत नव्हता. अमेरिकेतून आलेली तबकडी लावली की खोली भरून जाई. स्टॉकहोममध्ये मुद्रित झालेली तबकडी त्यापुढे पोकळ वाजे. वादक कच्चे नव्हते की यंत्रे जुनाट नव्हती. उणे नेमके कुठे पडते, हे कोणालाच बोट ठेवून सांगता येत नव्हते.

या कोड्याच्या मागे लागलेला माणूस मंचावर कधीच दिसला नाही. मायकेल त्रेतोव हा मेट्रोनोम स्टुडिओतला ध्वनिमुद्रक. त्याच्या हाती एक पुस्तक आले. अमेरिकन निर्माता फिल स्पेक्टर याच्या ध्वनिमुद्रणांवरचे. स्पेक्टरची ख्यातीच अशी, की त्याच्या गाण्यांत वाद्यांची जणू भिंत उभी राही. ती कशी, याचा उलगडा त्रेतोवला त्या पानांत झाला. एका गिटारऐवजी तीन-चार, एका पियानोऐवजी दोन-तीन, अशी वाद्ये एका खोलीत दाटीवाटीने बसवून स्पेक्टर ती एकदम वाजवून घेई.

उलगडा झाला, पण तिजोरीत खडखडाट. एवढे वादक बोलावायला पैसा आणायचा कुठून? बहुतेकांनी इथेच पुस्तक मिटले असते. त्रेतोवने हिशेब उलटा मांडला. वीस माणसे एकदा वाजवू शकत नसतील, तर तीच पाच-सहा माणसे दोनदा वाजवतील.

10 जानेवारी 1973 रोजी ‘रिंग रिंग’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण सुरू झाले. वादकांनी साथ वाजवली. त्रेतोवने त्यांना तेच पुन्हा, पहिल्या मुद्रणावर चढवत, वाजवायला लावले. दुसऱ्या खेपेला त्याने एक खोडी केली. टेपचा वेग किंचित बदलला, अगदी कानाला जेमतेम कळेल इतका. दोन्ही वादने मिळाली, पण तंतोतंत एकमेकांवर बसली नाहीत. तशी बसली असती तर आवाज नुसता मोठा झाला असता. जळगावजवळच्या नशिराबाद-असोद्याच्या पट्ट्यात पहाटे एकाच जात्यावर दोघी बायकांना ओव्या म्हणताना ज्यांनी ऐकले आहे, त्यांना यातले मर्म समजावून सांगायला नको. खुंट्यावर हात दोघींचे, ओवी एकच, पण एकीचा सूर केसभर वर आणि दुसरीचा केसभर खाली. त्या केसभर अंतरामुळेच दोघींचा आवाज चौघींचा वाटतो.

मुद्रण पुन्हा लावले गेले आणि स्टुडिओतले सगळे चकित झाले. पाच-सहा माणसांचा ताफा एकाएकी केवढा तरी मोठा वाटत होता. जे अमेरिकेहून तबकडीत बंद होऊन येत असे, ते आता स्टॉकहोमच्या टेपवर उमटले होते. माझ्या मते युरोव्हिजनचा निकाल खरा त्या दिवशी लागला. पुढचे वर्षभर फक्त तो जाहीर व्हायचा बाकी होता.

पण महिन्याभरातच सारे मुसळ केरात गेल्यासारखे झाले. 10 फेब्रुवारीला देशातली निवड स्पर्धा भरली. अग्नेथाचे दिवस भरत आले होते. तशा अवस्थेत ती मंचावर उभी राहून गायली, आणि जेमतेम दोन आठवड्यांत तिला मुलगी झाली. जाणकारांच्या परीक्षक मंडळाने ‘रिंग रिंग’ला तिसरा क्रमांक दिला. सलग दुसऱ्या वर्षी तिसरा! बाजाराने मात्र जाणकारांचे ऐकले नाही. गाणे स्वीडनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर चढले. लोक आणि वर्तमानपत्रे परीक्षकांवर तुटून पडली. अखेर पुढच्या वर्षासाठी जाणकारांचे मंडळ मोडीत निघाले आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतली मंडळे आली. आदल्या वर्षी जिंकले असते तर ही दारे त्यांच्यासाठी कशाला उघडली असती?

चौघांची नावे एकापुढे एक लिहिली की जाहिरातीचा कागद पुरत नसे. स्टिगने आद्याक्षरे जुळवून ‘आब्बा’ केले. त्याच नावाची, मासळी डब्यात भरून विकणारी एक स्वीडिश कंपनी होती. तिची परवानगी घ्यावी लागली.

1973 च्या अखेरीस नवी चाल तयार झाली. तिचे कच्चे नाव होते ‘हनी पाय’. त्या नावावर स्टिगला एक ओळ सुचेना. त्याला तीन अक्षरांच्या ठेक्यात बसणारा, कुठल्याही देशात कळेल असा शब्द हवा होता, म्हणून त्याने पुस्तके धुंडाळायला घेतली. सुभाषितांच्या संग्रहात त्याची नजर ‘वॉटर्लू’वर अडली. नेपोलियन जिथे कायमचा हरला ते रण. प्रेमात शरण जाणारी नायिका तिथे सहज बसली. युरोपात कुठेही हा शब्द भाषांतराशिवाय पोहोचणार होता. 17 डिसेंबरला ध्वनिमुद्रण झाले आणि दोनदा वाजवण्याची युक्ती आता हात बसल्यासारखी वापरली गेली.

तरीही ऐनवेळी मन डळमळले. हाताशी दुसरेही एक गाणे होते, ‘हास्ता मान्याना’. संथ, गोड, स्पर्धेच्या जुन्या साच्यात चपखल. ते पाठवले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्यात अग्नेथा एकटीच पुढे गाणार, आणि ‘वॉटर्लू’त दोघी. धोका पत्करायचे ठरले. 9 फेब्रुवारी 1974 ला ‘वॉटर्लू’ने देशातली स्पर्धा जिंकली. भाषेचा नियमही आदल्या वर्षीच शिथिल झाला होता, त्यामुळे पुढे इंग्रजीत गाण्याची मुभा होती.

6 एप्रिल 1974. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे ब्रायटन. त्या वर्षीची स्पर्धा नुसती गाण्यांची राहिली नव्हती. फ्रान्सचे अध्यक्ष पाँपिदू चार दिवसांपूर्वी वारले होते, म्हणून फ्रान्सने माघार घेतली. इटलीत घटस्फोटाच्या कायद्यावर सार्वमत तोंडावर आले होते. इटलीच्या गाण्याचे नाव ‘सी’, म्हणजे ‘होय’. मतदारांवर परिणाम नको म्हणून तिथल्या सरकारी वाहिनीने त्या रात्री स्पर्धा दाखवलीच नाही. पोर्तुगालचे गाणे गुणांत तळाशी राहिले, पण अठराच दिवसांनी लिस्बनच्या रेडिओवर ते वाजले, ते बंडखोर सैनिकांना इशारत म्हणून. आपल्याकडे हे काही कोणाच्या गावीही नव्हते. मुंबई दूरदर्शन सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते, आणि जळगाव-नशिराबादपर्यंत टीव्ही यायला अजून अवकाश होता.

आठव्या क्रमांकावर स्वीडनची पाळी आली. वाद्यवृंदाचा संचालक स्वेन-ऊलोफ वाल्डोफ चक्क नेपोलियनची टोपी चढवून आला आणि प्रेक्षागृहात हशा पिकला. ब्यॉर्नच्या हाती चांदणीच्या आकाराची गिटार, आणि विजार इतकी तंग की त्याला धड बसता येईना. विनोदी पात्रे आली, असाच समज व्हावा. पण पियानोचा पहिला ठोका पडला आणि दोघी एका सुरात पुढे सरसावल्या. स्टुडिओत दोनदा वाजवता येते, मंचावर संधी एकदाच मिळते. इथे टेपचे काम त्या दोन गळ्यांना करायचे होते, आणि त्यांनी ते केले.

मग मतमोजणी. या स्पर्धेने भल्याभल्यांना रडवले आहे. लखनौत जन्मलेला क्लिफ रिचर्ड 1968 मध्ये लंडनमध्येच, घरच्या प्रेक्षकांसमोर, एका गुणाने हरला होता. ब्रायटनमध्ये प्रत्येक देशाच्या दहा परीक्षकांना एकेक मत होते. यजमान ब्रिटनने स्वीडनला एकही मत दिले नाही. तरी बेरीज संपली तेव्हा स्वीडनचे 24 आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या इटलीचे 18 गुण झाले होते. गीतकार-संगीतकारांना मंचावर बोलावले गेले, तर ब्यॉर्नला रखवालदाराने दारातच अडवले. असल्या कपड्यांतला माणूस संगीतकार असेल, हे त्याला पटेना!

ज्या ब्रिटनने एक मत दिले नाही, त्याच ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत ‘वॉटर्लू’ महिन्याभरात पहिल्या क्रमांकावर गेले. घरी मात्र निराळेच वारे वाहत होते. ज्या लढाईत हजारो माणसे मेली, तिच्यावर हे असले गाणे कसे, असे एका स्वीडिश वार्ताहराने स्टिगलाच खोचकपणे विचारले. जिंकणाऱ्याने पुढची स्पर्धा भरवायची, या रिवाजाने 1975 चा खर्च स्वीडनच्या गळ्यात पडला. धंदेवाईक संगीताला विरोध करणाऱ्या डाव्या कलावंतांनी स्टॉकहोममध्येच समांतर महोत्सव भरवला. वाद इतका पेटला की 1976 मध्ये स्वीडन स्पर्धेत उतरलाच नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आब्बाचे ‘डान्सिंग क्वीन’ बाजारात आले आणि अमेरिकेतही अव्वल ठरले. ध्वनिमुद्रणाच्या टेबलामागे बसलेला माणूस तोच होता, मायकेल त्रेतोव.